आठवण साक्षीला उभी राहते तेव्हा

राजगृहात, म्हणजे आजच्या बिहारमधल्या राजगीरला, पाचशे भिक्षू वर्षावासासाठी जमले होते. गौतम बुद्धांचं महापरिनिर्वाण होऊन काही महिनेच लोटले होते. लिहून ठेवलेलं काही नव्हतं; जे होतं ते ऐकणाऱ्यांच्या मनात. महाकाश्यप एकेक प्रश्न विचारू लागले. विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या शिस्तीचे, नियम त्यांनी उपालींना विचारले, उपदेश आनंदांना. हे कुठे सांगितलं गेलं? कोणाला उद्देशून? निमित्त काय घडलं होतं? दोघं आठवून सांगत गेले आणि सभेनं ते पक्कं केलं. पालि परंपरा या सभेला संगीती म्हणते. एकत्र गायन, एकत्र पठण असा त्या शब्दाचा अर्थ.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात हे वर्णन येतं. सगळं अगदी असंच घडलं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्यांनी हे वर्णन जपलं त्यांनी आठवणीतली खिंडारं झाकली नाहीत. संघाला वाटलं तर बारीकसारीक नियम सोडून द्यावेत, असं बुद्धांनी अखेरच्या दिवसांत सांगितलं होतं. बारीकसारीक म्हणजे नेमके कोणते, हे विचारायचं आनंदांकडून राहून गेलं. सभेत त्यावर एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. शेवटी सगळेच नियम पाळायचं ठरलं.

सभा आटोपल्यावर दक्षिणागिरीहून पुराण नावाचे स्थविर आपल्या भिक्षूंसह आले. आम्ही सगळं मिळून निश्चित केलं आहे, तुम्हीही त्यात सामील व्हा, असं त्यांना सांगण्यात आलं. पुराणांनी सभेच्या कामाला चांगलं म्हटलं, पण आपण मात्र भगवंतांच्या तोंडून स्वतः जसं ऐकलं तसंच ध्यानात ठेवू, असं उत्तर दिलं.

अनेकांच्या आठवणी एकत्र आणल्या की त्यातून ज्ञान तयार होतं का? आणि ज्याची आठवण जुळत नाही, त्याचं काय करायचं? हे दोन प्रश्न गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उभे राहिले आहेत. ते ठिकाण म्हणजे शिक्षणाचं संशोधन.

शाळेबद्दल माहिती गोळा करायच्या रूढ वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत. पटसंख्या, गळतीचं प्रमाण, चाचणीचे गुण, प्रश्नावली, वर्गनिरीक्षण. या वाटा आवश्यक आहेत, पण त्या शाळेच्या एका बाजूपर्यंतच पोचतात. मूल फळ्याकडे बघत असतं तेव्हा त्याच्या पोटात काय कालवत असतं, रांगेत उभं राहायला ते कसं शिकतं, कोणत्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळतं की आपण हुशार किंवा ढ आहोत, हे हजेरीपत्रकात सापडत नाही. मुलाला त्या क्षणी विचारलं तर त्याच्याकडे शब्द नसतात. शब्द येतात तेव्हा मूल मोठं झालेलं असतं आणि तो क्षण फक्त आठवणीत उरतो.

या उरलेल्या आठवणीचं रीतसर काम करायची पद्धत जर्मनीत घडली. 1937 साली जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ फ्रिगा हाउग आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांनी 1980च्या आसपास हॅम्बर्गमध्ये ती उभी केली. स्त्रिया या केवळ परिस्थितीच्या बळी असतात, की स्वतःला त्या साच्यात बसवण्यात त्यांचाही हात असतो, हा हाउग यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर सिद्धांतांच्या पुस्तकांत मिळेना, तेव्हा या स्त्रियांनी स्वतःच्याच आठवणी टेबलावर ठेवल्या. केस, पाय, बसण्याची ढब, व्यायामाचा तास. मुलीचं शरीर कोणत्या छोट्या छोट्या प्रसंगांतून ‘बाईचं शरीर’ होत जातं, हे त्यांनी एकमेकींच्या आठवणी ताडून शोधलं. त्यातून निघालेलं पुस्तक 1983 साली जर्मन भाषेत आलं आणि 1987 साली इंग्रजीत. या पद्धतीला मराठीत स्मृतिकार्य म्हणता येईल. ‘कार्य’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण आठवणी नुसत्या सांगून हे काम संपत नाही. सांगणं ही त्याची सुरुवात असते.

सिडनीतल्या पाच संशोधिकांनी, म्हणजे क्रॉफर्ड, किप्पॅक्स, ऑनिक्स, गॉल्ट आणि बेंटन यांनी, भावना आणि लिंगभाव यांवरच्या 1992च्या पुस्तकात या कामाचे नियम नेटके मांडले. गटानं एक विषय ठरवायचा. तो ठोस हवा: माफी मागणं, कौतुक होणं, सुट्टीचा दिवस. प्रत्येकीनं त्यावर एकाच प्रसंगाची पान-दोन पानं लिहायची. बारीकसारीक तपशील, अगदी निरर्थक वाटणारासुद्धा, गाळायचा नाही. स्पष्टीकरण द्यायचं नाही, समर्थन करायचं नाही. आणि लिहायचं ते तृतीय पुरुषात: ‘मी’ नाही, ‘ती’.

शेवटचा नियम वरवर कसरतीसारखा दिसतो, पण पद्धतीचा कणा तोच आहे. ‘मी’ म्हटलं की माणूस स्वतःचा वकील होतो. आजच्या ‘मी’ला शोभेल असं कालच्या मुलीला नटवतो. ‘ती’ म्हटलं की ती मुलगी समोर उभी राहते आणि लिहिणाऱ्याला तिच्याकडे पाहावं लागतं. वेदान्ताच्या परिचयानं मराठी वाचकाला साक्षीभाव हा शब्द ठाऊक आहे. इथे त्या शब्दामागे मोक्षाची अपेक्षा नाही. पण स्वतःच्या अनुभवापासून एक पाऊल मागे सरून तो जसा होता तसा पाहण्याची शिस्त दोन्हीकडे आहे.

ऑस्ट्रेलियातल्याच ब्रॉन्विन डेव्हिस यांनी ही पद्धत शिक्षणाच्या संशोधनात रुजवली. सुझान गॅनन यांच्यासह त्यांनी 2006 साली सामूहिक चरित्र या नावाखाली तिची मांडणी केली. गट काही दिवस एकत्र राहतो. आधी आठवणी सांगायच्या, मग लिहायच्या, मोठ्यानं वाचायच्या, बाकीच्यांचे प्रश्न ऐकायचे आणि पुन्हा लिहायच्या. प्रश्नांचा रोख एकच असतो: गुळगुळीत झालेली वाक्यं बाजूला करायची. ऐकणाऱ्याला तो प्रसंग स्वतःच्या अंगानं जाणवेपर्यंत लिहिणं थांबत नाही.

हे प्रत्यक्षात कसं होत असेल, ते एक उदाहरण कल्पून पाहू. सहा शिक्षिका बसल्या आहेत. विषय ठरला: वर्गात नाव पुकारलं गेलं तो क्षण. एक लिहिते की बाई कडक होत्या, पण आमच्या भल्यासाठीच. दुसरी विचारते, कडक म्हणजे काय दिसत होतं? लिहिणारी थबकते. पुन्हा लिहिते. आता पानावर एक मुलगी आहे, तिसरीतली. बाईंनी नाव घेतलं तेव्हा ती पाटीच्या लाकडी चौकटीवर नख घासत होती. ती उभी राहिली, परकराचा घोळ मुठीत धरला. उत्तर तिला येत होतं, पण आवाज फुटेना. बाईंनी पट्टी टेबलावर दोनदा आपटली, खडूची धूळ उडाली, आणि शेजारची मुलगी आपली पाटी हळूच लांब सरकवून बसली. ‘भल्यासाठी’ हा शब्द गळून पडला आहे. त्याच्या जागी शेजारणीची सरकलेली पाटी आली आहे. शिक्षेची भीती वर्गात एकाकडून दुसऱ्याकडे कशी पसरते आणि मुलं एकमेकांपासून कशी दूर होतात, हे त्या पाटीनं सांगितलं. आता तिसरी शिक्षिका म्हणते, माझी पाटीही मी अशीच सरकवली होती. आणि चौथी विचारते: या सगळ्या आठवणींत मागच्या बाकावरच्या मुली कुठे आहेत? एकीलाही त्या का आठवल्या नाहीत?

चौथीनं विचारलेल्या प्रश्नापाशी गप्पा संपतात आणि संशोधन सुरू होतं.

राजकीय उलथापालथीनंतर या पद्धतीची गरज आणखी वाढते, हे पूर्व युरोपात दिसलं. सोव्हिएत संघ आणि त्याच्या प्रभावातल्या राजवटी कोसळल्यावर तिथल्या शाळांबद्दल दोनच सूर ऐकू येत: सगळी शिकवण म्हणजे डोक्यात भरवलेला प्रचार, किंवा सगळं कसं शिस्तीचं आणि छान होतं. इवेता सिलोवा, नेली पियात्तोएवा आणि झुझा मिलेई यांनी संपादित केलेल्या 2018च्या ग्रंथात त्या देशांत वाढलेल्या संशोधकांनी स्वतःच्या बालपणीच्या आठवणी लिहिल्या आणि एकमेकांच्या आठवणींसोबत वाचल्या. त्यातलं एक प्रकरण गणवेश आणि केसांत बांधायच्या मोठ्या फितींवर आहे. सरकारी छायाचित्रात सगळ्या मुली सारख्या दिसतात. पण केसांतली फीत ही एकाच वेळी आज्ञाधारकपणाची खूण असते आणि नटण्याची हौसही. राज्यसत्ता घराच्या आरशापर्यंत पोचलेली असते, आणि त्याच आरशासमोर मुलगी तिला थोडी वळवूनही घेते. राज्यसत्तेच्या कागदपत्रांत पहिली गोष्ट सापडते. दुसरी सापडते ती आठवणीत.

आता हरकती. त्या हलक्या नाहीत.

पहिली हरकत मानसशास्त्राची. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932च्या ग्रंथात दाखवलं की आठवण म्हणजे कपाटातली वस्तू काढणं नव्हे. ती दर वेळी नव्यानं जुळवली जाते. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना दिली. पुन्हा पुन्हा सांगताना तिच्यातल्या अनोळखी गोष्टी ओळखीच्या झाल्या. सीलची शिकार साध्या मासेमारीवर आली. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1974 साली जॉन पामर यांच्यासह केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोटारींच्या टकरीची तीच चित्रफीत पाहिलेल्यांना वेग विचारताना ‘आदळल्या’ असं जोरकस क्रियापद वापरलं की उत्तर ताशी सुमारे 41 मैल आलं. ‘लागल्या’ अशा सौम्य शब्दानं ते सुमारे 32 मैलांवर उतरलं. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नाइसर यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा अनेकांची उत्तरं पार बदलली होती, आणि खात्री मात्र ठाम होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काहींना नवी आठवणच खरी वाटत राहिली.

सामूहिक पद्धतीवर तर आणखी थेट आघात आहे. फियोना गॅबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एका प्रयोगात जोड्यांना एकाच प्रसंगाच्या दोन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रफिती दाखवल्या. दोघांना वाटलं, आपण एकच पाहिलं. मग त्यांना बोलू दिलं. नंतर 71 टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेला, जोडीदाराकडून ऐकलेला किमान एक तपशील आपण पाहिल्याचं सांगितलं. म्हणजे चौघांनी मिळून आठवली म्हणून आठवण चौपट खरी होत नाही. ती चौघांची एकच चूकही असू शकते.

दुसरी हरकत याहून जुनी आणि अधिक मूलगामी आहे. ती भारतीय दर्शनांची आहे. आठवण खरी असली तरी तिला ज्ञानाचं साधन म्हणायचं का? पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती मोजल्या, त्यात प्रमाण ही एक आणि स्मृती ही वेगळी. मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते स्मृती आधीच कळलेलं पुन्हा दाखवते. नवं काही देत नाही, म्हणून ती प्रमाण नाही. नवव्या शतकातले काश्मिरी नैयायिक जयंत भट्ट वेगळं कारण देतात: ज्याची आठवण होते ती वस्तू त्या क्षणी समोर नसते, स्मृती वस्तूतून जन्मत नाही. तर्कशास्त्राच्या पाठशाळांत पिढ्यान् पिढ्या पहिलं पुस्तक म्हणून शिकवल्या गेलेल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे दोन भाग सुरुवातीलाच पडतात, अनुभव आणि स्मृती. स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उपजलेलं ज्ञान. प्रमाणांचा विचार होतो तो अनुभवाच्या बाजूला.

या सर्वांविरुद्ध ठामपणे उभे राहिले ते जैन तार्किक. आठव्या शतकातले अकलंक, बाराव्या शतकातले हेमचंद्र यांच्या परंपरेनं परोक्ष प्रमाणाचे पाच प्रकार मानले आणि त्यांत पहिलं स्थान स्मृतीला दिलं. त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं अनुमान करायचं, तर धूर तिथे अग्नी हा संबंध आठवावा लागतो. स्मृतीवर विश्वास नाही म्हणणाऱ्याला अनुमानावरचाही विश्वास सोडावा लागेल. त्यांच्या यादीत स्मृतीनंतर प्रत्यभिज्ञान येतं: आठवलेलं आणि समोरचं यांची सांगड. ‘हे तेच’ एवढंच त्यात येत नाही. ‘हे त्यासारखं’ आणि ‘हे त्याहून वेगळं’ हेही जैनांनी प्रत्यभिज्ञानातच घातलं. सहा शिक्षिकांच्या गटात नेमकं हेच चालतं. एकीची आठवण ऐकून दुसरी म्हणते, माझंही असंच. तिसरी म्हणते, माझं तसं नव्हतं. एकटीच्या आठवणीत जे केवळ स्मृती होतं, ते गटात प्रत्यभिज्ञान होतं.

तरीही नैयायिकांना उत्तर द्यायचं राहतं. ते उत्तर त्यांच्याच शब्दात दडलेलं आहे.

स्मृती संस्कारातून जन्मते, म्हणून ती वस्तूबद्दल साक्ष देऊ शकत नाही, असं न्याय म्हणतो. मान्य. पण शिक्षणाच्या अभ्यासकाला कोणती वस्तू शोधायची आहे? 1974 साली अमुक शाळेत अमुक बाईंनी पट्टी दोनदा आपटली की तीनदा, हे त्याला शोधायचं नाहीच. त्याला शोधायचा आहे तो त्या मुलीवर झालेला संस्कार. मराठीत हा शब्द दर्शनशास्त्राच्या पानांतून उतरून घराघरांत गेला आहे. शाळा मुलांवर संस्कार करते, हे आपण उठताबसता म्हणतो. न्यायदर्शनात संस्कार म्हणजे अनुभवानं मनावर उमटवलेला ठसा, जो पुढे आठवण होऊन जागा होतो. घरगुती मराठीत संस्कार म्हणजे वळण. हे दोन अर्थ परके नाहीत. वळण म्हणजे ठशांची बेरीजच. मग ज्या कारणानं नैयायिक स्मृतीला न्यायालयाबाहेर ठेवतात, त्याच कारणानं शिक्षणाच्या चौकशीत ती मुख्य साक्षीदार ठरते. ठसा कसा आहे हे जाणून घ्यायचं तर ठशातून उगवणाऱ्या गोष्टीलाच विचारावं लागेल.

यानं मानसशास्त्राची हरकत रद्द होत नाही, तिची हद्द मात्र ठरते. आठवणीवरून घटनेचा निकाल लावू नये. कोणत्याही शिक्षकावर, संस्थेवर केवळ जुन्या आठवणीच्या बळावर आरोप सिद्ध झाला असं म्हणू नये. तिथे कागद हवेत, दुसरा पुरावा हवा. पण एखादी बाई पन्नाशीतही सभेत बोलायला उठताना पदर मुठीत धरते, आणि ते का याचा माग तिला तिसरीच्या वर्गापर्यंत लागतो, तेव्हा मूठ ही आजची घटना आहे. तिच्याबद्दल आठवण जे सांगते ते पूर्ण खरं नसेल, पण त्याच्याशिवाय त्या मुठीचा अर्थ लागणार नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. इथल्या शिक्षणाचा इतिहास आठवणींतून लिहिला गेला आहे. 1855 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. तिनं मांग आणि महार समाजाचं दुःख लिहिलं, आणि त्यात पेशवाईतल्या छळाच्या, तिच्या जन्माआधीच्या, समाजानं जपलेल्या आठवणी आल्या. रमाबाई रानडे यांच्या 1910च्या पुस्तकाच्या नावातच आठवणी हा शब्द आहे. रात्री पतीकडून धडे घ्यायचे आणि दिवसा त्यापायी घरातल्या बायकांचा राग सोसायचा, हे स्त्रीशिक्षणाच्या कुठल्या सरकारी अहवालात सापडलं असतं? शांताबाई कांबळे स्वतः शिक्षिका होत्या. त्यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ वाचल्याशिवाय दलित मुलीला शाळेची पायरी किती उंच होती ते उमगत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आठवणींचं हस्तलिखित या दृष्टीनं पुन्हा वाचायला हवं. शाळेत वेगळं बसायचं, बसायला घरून आणलेलं गोणपाटाचं तरट, जे संध्याकाळी परत न्यावं लागे कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला हात लावत नसे. पाण्याच्या नळाला हात लावायचा नाही; शिपायानं नळ सोडला तर पाणी, तो नसेल त्या दिवशी तहान तशीच. या हस्तलिखिताची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी फक्त स्वतःच्या आठवणी लिहिल्या नाहीत. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची, गुजरातेत तलाठी झालेल्या एका तरुणाची हकीकतही त्यांनी शेजारी ठेवली. एकाचं दुःख म्हणून जे बाजूला सारता आलं असतं, ते शेजारी शेजारी ठेवल्यावर व्यवस्था म्हणून दिसू लागलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते 1990 साली पुस्तिकारूपानं छापलं.

पुण्यातल्या विदुषी शर्मिला रेगे यांनी 2006च्या आपल्या ग्रंथात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना नुसतं आत्मचरित्र न म्हणता साक्ष म्हटलं: एकीच्या तोंडून समूहाची साक्ष. शैलजा पाईक यांनी 2014च्या ग्रंथासाठी पुणे-मुंबईतल्या दलित स्त्रियांकडून त्यांच्या शिक्षणाच्या आठवणी ऐकल्या आणि जात व लिंग अशी दुहेरी अडचण शाळेच्या रोजच्या व्यवहारात कशी काम करते ते दाखवलं. या दोघींची पद्धत हाउग यांच्याहून वेगळी आहे. पण एकमेकींशेजारी ठेवलेल्या आठवणीच इथेही बोलतात.

याच भूमीत स्मृती या शब्दाला आणखी एक इतिहास आहे. धर्मशास्त्राचे ग्रंथ स्मृती म्हणवले जातात, म्हणजे आठवून ठेवलेले. मीमांसकांनी त्यांना प्रामाण्य दिलं ते या तर्कावर: शिष्टांनी आठवून ठेवलं आहे, तेव्हा त्यामागे मूळ श्रुती असली पाहिजे. पण शिष्ट कोण? वेदाध्ययनाचा अधिकार ज्यांना होता तेच. एका वर्गाची स्मृती सगळ्यांचा कायदा झाली आणि बाकीच्यांच्या आठवणींना स्मृती हे नाव कधी मिळालंच नाही. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या ज्वाळांमागे हाही प्रश्न होता: कोणाचं आठवणं प्रमाण मानायचं?

सामूहिक आठवणींच्या संशोधनाला हाच प्रश्न आज स्वतःलाही विचारावा लागतो. हॅम्बर्गच्या, सिडनीच्या गटांत होत्या त्या शिकलेल्या, लिहित्या स्त्रिया. समाजवादी बालपणावर लिहिणारे पुढे विद्यापीठांत पोचलेले. ज्यांची शाळा चौथीत सुटली, ते अशा गटात कसे येणार? पान-दोन पानं लिहा, हा नियमच त्यांना दाराबाहेर ठेवतो. तिथे पाईक यांच्यासारखं जाऊन ऐकावं लागतं.

आणि ज्यांच्याबद्दल आठवण आहे त्यांचं काय? आठवणीतल्या बाई, आई, मागच्या बाकावरचा मुलगा, यांना कोणी विचारलेलं नसतं. नाव बदललं तरी गावातले लोक ओळखतात. तृतीय पुरुषानं ‘मी’पासून अंतर मिळतं, पण ‘तो’ आणि ‘ती’ म्हणून ज्यांना पानावर आणलं त्यांच्याबद्दलची जबाबदारी वाढते. जखम उघडी पडली तर गटानं थांबायची तयारी ठेवावी लागते. कोणाचंही दुःख संशोधनासाठी पिळून काढायचा हक्क कोणालाही नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र एकमताचा आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी 1925 सालीच मांडलं होतं की माणूस एकटा आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग यांच्या चौकटी त्याला आठवायला शिकवतात. 1945 साली बूखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत त्यांचा अंत झाला. ज्या राजवटीनं त्यांना मारलं, तिनं एका अख्ख्या देशाला एकाच सुरात आठवायला शिकवलं होतं. गट आठवणीला आधार देतो तसा तिला साच्यातही घालतो. सहा जणी मान डोलावू लागल्या की सातवीला आपली आठवण चुकीची वाटू लागते, आणि ती ती बदलून सांगते. म्हणून या पद्धतीतलं चांगलं काम ओळखायचं ते त्यात जुळून आलेल्या गोष्टींवरून नव्हे, तर न जुळलेल्या गोष्टी छापण्याचं धैर्य त्यात आहे का यावरून.

हे काम करायला मोठं अनुदान लागत नाही. महाराष्ट्रातल्या अध्यापक विद्यालयांत दरवर्षी हजारो तरुण शिक्षक व्हायला येतात. त्यांतले बरेच जण ज्या शाळांत शिकले तशाच शाळांत शिकवायला जाणार आहेत. बालमानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक उघडण्याआधी त्यांना पाच-सहांच्या गटात बसवता येईल. विषय एकच द्यावा: पहिल्यांदा फळ्यापाशी गेलो तो दिवस, डबा खाल्ला ती जागा, किंवा पाणी प्यालो तो नळ. ‘मी’ न म्हणता एकच पान लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि ‘कडक’, ‘प्रेमळ’, ‘शिस्तीचे’ असे शब्द एकेक करून काढून टाकायचे. लिहिताना अडेल त्यानं सांगावं आणि शेजाऱ्यानं लिहून घ्यावं. मग मागच्या बाकावर कोण होतं, ते विचारायचं. गटात कोणी म्हणालं की मला तसं आठवत नाही, तर त्याची आठवण शेवटच्या पानावर वेगळी, जशीच्या तशी उतरवून घ्यावी. चुल्लवग्ग सांगणाऱ्यांनी पुराणांच्या बाबतीत तेच केलं. पाचशे भिक्षूंनी मिळून ठरवलेल्या वचनांच्या वृत्तान्तातच, त्या निर्णयात सामील न झालेल्या एका स्थविराचं म्हणणं आजही वाचता येतं.